पाकिटावरचं ‘पा.’

पार्वताकाकूंच्या कपाळावर शेवटी जो रुपया लावला तो मी दिला होता, आणि चुकीचा दिला होता. दोन वर्षं हे मी कोणाजवळ बोललो नाही. ज्यांच्याजवळ बोलायला हवं होतं त्या खुशालकाकांसमोर तर मी दर रविवारी जाऊन बसत होतो, त्यांच्या हातचा चहा पीत होतो, आणि त्यांच्या रिकाम्या पाकिटाकडे बघायचं टाळत होतो. तसा मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे. अमरावतीत माझा गणिताचा क्लास आहे, आणि पोराचं उत्तर चुकलं की मी पोराला सोडत नाही, त्याच्या बापालाही सोडत नाही. असो.

खुशालराव मोहोड हे नाव शहरात फार लोकांना माहीत नाही. मूळचे नांदगाव खंडेश्वरकडचे. इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते चौतीस वर्षं अटेंडंट होते. मी तिथे शिकत असताना एकाच महिन्यात तीन परीक्षानळ्या फोडल्या आणि त्यांनी माझं नाव दंडाच्या वहीत लिहिलं नाही, तिथून आमची ओळख. रिटायर झाल्यावर त्यांनी घराच्या मागच्या खोलीत एक टेबल मांडलं, एक भिंग घेतलं, एक साठ वॉटचा पिवळा बल्ब टांगला, आणि जुने चांदीचे रुपये तपासायला बसले. दुकान नाही, पाटी नाही, तरी नाणी जमवणारे आणि विकणारे अकोल्याहून, अचलपूरहून त्यांच्याकडे येत. कारण त्यांची चिठ्ठी चालायची.

चिठ्ठी म्हणजे बोटभर कागद. त्यावर दोनपैकी एक अक्षर आणि खाली सही. ‘मू.’ म्हणजे मूळ. ‘पा.’ म्हणजे पालिश. घासलेला, उकळलेला, रंगवलेला, भोक बुजवलेला, वर रोगणाचा हात फिरवलेला, रुपया कसाही बिघडवलेला असो, सगळ्यांना एकच ‘पा.’ ‘मू.’ मिळाला की हौशी माणूस त्यासाठी जीव टाकतो, ‘पा.’ मिळाला की तोच रुपया सोनाराच्या काट्यावर जातो. कारण मात्र काका सांगत नसत. कोणी हुज्जत घातलीच तर म्हणायचे, “लिवलं ते वाचा.”

आपल्या वऱ्हाडात ‘मू.’ रुपया मिळणं किती अवघड आहे हे बाहेरच्याला कळायचं नाही. घरात चार राणीछाप असले की दर लक्ष्मीपूजनाला बायका ते चिंच आणि राख लावून घासतात. नाणं जितकं लखलखीत तितकी लक्ष्मी खूश, अशी समजूत. सव्वाशे वर्षं हवेनं, अंधारानं, कापडाच्या स्पर्शानं चांदीवर जी साल धरलेली असते ती दहा मिनिटांत मोरीतून वाहून जाते. ‘साल’ हा काकांचा शब्द. आमच्या आईनं घरातले अकरा रुपये असेच घासले आणि मला दाखवत म्हणाली, “पाह्य, कसे चमकून राहिले!” मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. ती मेली तोवर तिला माझ्या रागाचं कारण कळलं नाही, आणि आता मला त्या रागाची लाज वाटते.

साल शाबूत आहे की नाही हे काका आधी उजेडात बघायचे. रुपया कडेनं धरून बल्बखाली हळूहळू फिरवला की अस्सल सालीवर उजेडाचा एक पट्टा फिरतो, जसा चाकाचा आरा फिरावा तसा. काका म्हणायचे, “चाक फिरते.” तारेच्या ब्रशनं घासून खोटी चमक आणली असेल तर उजेड एका जागी मेल्यासारखा पडून राहतो. काही लबाड लोक उकडलेल्या अंड्याबरोबर रुपया डबीत बंद करून इंद्रधनुष्याचे रंग चढवतात. त्याला काका नाकाजवळ नेऊन ओळखायचे.

पण त्यांची खरी परीक्षा श्वासाची. आपण चष्मा पुसायच्या आधी त्यावर जसा ‘हाः’ करतो तसा ते रुपयावर करायचे. वाफ धरते आणि उडते. मूळ सालीवर ती सगळीकडे सारखी धरते आणि कडेकडून आत सारखी उडते. जिथे रोगण आहे, जिथे बुजवलेलं भोक आहे, तिथे वाफ मागे राहते किंवा मुळी धरतच नाही, आणि डोळ्यांना न दिसणारी गोष्ट तीन-चार सेकंद दिसून जाते. आता अमरावतीच्या मे महिन्यात वाफ कशाला धरते! म्हणून काका उन्हाळ्यात रुपया एका स्टीलच्या वाटीत टाकायचे आणि ती वाटी पाण्याच्या माठावर, झाकणीवर, पाच मिनिटं ठेवायचे. कूलर बंद, खिडकी बंद. भर दुपारी तीन वाजता त्या खोलीत आम्ही दोघं घामानं निथळत गार झालेल्या एका रुपयावर श्वास टाकायचो.

काकूंचा याला विरोध होता. आल्या की वाटी दिसायची, आणि कपाळाला आठी पडायची. काकूंच्या कपाळावर दोन आडव्या आठ्या होत्या. वरची सरळ होती. खालची डावीकडे मध्येच तुटलेली, कारण लहानपणी बैलगाडीच्या दांडीवर पडून तिथे खोक पडली होती. राग आला की त्या आठ्या आधी बोलायच्या, काकू नंतर.

“लोकाईचे रुपये माह्या पिण्याच्या पान्यावर नाही पाह्यजेत,” त्या म्हणायच्या, रुपया काकांच्या हातात द्यायच्या आणि वाटी माठावर पालथी घालायच्या. ही पालथी वाटी म्हणजे त्यांचा निषेध.

निषेधाला कारणही तसंच होतं. काकांना अधूनमधून एक तिसऱ्याच जातीचे रुपये भेटत. आमच्या भागात काही घरांमध्ये मयताच्या कपाळावर चांदीचा रुपया लावायची रीत आहे. मेणाचा ठिपका देऊन चिकटवतात, राणीचं तोंड खाली, कपाळाकडे. स्मशानात अग्नी द्यायच्या आधी तो काढतात आणि तिथेच ठेवून देतात. तो घरी आणायचा नाही, आणि कोण उचलतं हे मागे वळून पाहायचं नाही. पण रुपया चांदीचा असतो. कोणी ना कोणी मागे वळून पाहतंच, आणि तो फिरत फिरत बाजारात येतो. काका असा रुपया बाजूला काढायचे आणि परत देताना एवढंच म्हणायचे, “हा देवात ठेवू नका.”

मी यावर हसायचो. मग अचलपूरच्या एक रागिणीताई आल्या. सासूच्या पेटीतले सात रुपये घेऊन आल्या होत्या. सहा रुपये घासलेले निघाले. सातव्यावर काकांनी श्वास टाकला आणि मला जवळ बोलावलं. राणीच्या चेहऱ्यावर वाफ धरली होती, पण तिच्यात बारीक बारीक गोल जागा कोऱ्या राहिल्या होत्या, वीसएक असतील, आणि वाफ उडून गेली तशा त्याही गेल्या. भिंगातून काहीच दिसत नव्हतं.

काकांनी विचारलं, “ताई, तुमच्या घरी कोनाच्या कपाळावर देवीचे वण होते?”

 रागिणीताई म्हणाल्या, त्यांच्या आजेसासऱ्यांच्या तोंडावर होते म्हणे. त्यांनी स्वतः कधी पाहिले नव्हते. लग्नाच्या अकरा वर्षं आधीच ते गेले होते. त्या घाईघाईनं उठल्या, सहा रुपये पर्समध्ये टाकले आणि सातवा टेबलावर ठेवून निघून गेल्या. काकांनी तो नंतर पूर्णा नदीत टाकला असं मला सांगितलं.

“मेन ऱ्हायते,” काका म्हणाले, “लय पातळ. डोयाले दिसत नाही. चामडीत जिथं खड्डा तिथं मेन जाड ऱ्हायते, आन् वाफ तिथं धरत नाही. सायन्स हाये, श्याम.”

मी मान हलवली. सायन्स आहे हे मलाही पटलं होतं, तरी त्या रात्री घरी मी आईच्या फोटोसमोरचा रुपया उचलून पाहिला नाही.

काकूंनी हा प्रसंग दारातून ऐकला होता. चहा ठेवताना म्हणाल्या, “मी मेली का माह्या कपाळाले काही लावू नका. सांगून ठेवते. तुमी तिथं बी भिंग घेऊन बसान.” आम्ही तिघंही हसलो. खोलीत आम्ही तिघंच होतो, म्हणून हे आम्हा दोघांनाच माहीत.

काका स्वतः नाणी जमवत नसत. त्यांचा स्वतःचा म्हणावा असा एकच रुपया होता, आणि तो काकूंनी माहेराहून आणलेला. काकूंच्या आजीनं तो कागदात गुंडाळून धान्याच्या कोठीत ठेवला आणि विसरली. विसरली म्हणून वाचला, त्याला ना चिंच लागली ना राख. राणीच्या हनुवटीखाली काठावर तिळाएवढी एक खाच होती, तेवढीच काय ती खूण. काका त्याला ‘साक्षीदार’ म्हणायचे. परक्या रुपयाबद्दल शंका आली की उठायचे, माझ्याकडे पाठ करून कपाट उघडायचे, आणि साक्षीदार तळहातावर घेऊन यायचे. दोन्ही रुपये शेजारी धरून फिरवायचे. साक्षीदारावर चाक असं फिरायचं की शेजारचा खोटा रुपया आपोआप कबुली द्यायचा. तो नेमका कुठे ठेवलेला असतो हे मी कधी पाहिलं नव्हतं. कपाटात पत्र्याचा एक डबा होता आणि त्यात ‘पा.’ लिहिलेली पाकिटं होती, एवढं माहीत होतं. नवशिक्यांना दाखवायला काका बिघडलेले रुपये चांदीच्या भावात घेऊन ठेवायचे, ती पाकिटं.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी काकू भाजी निवडायला बसल्या त्या उठल्याच नाहीत. किशोर, त्यांचा मुलगा, पुण्याहून निघाला होता. ऊन असं की बाराच्या आत न्यावं असं सगळ्यांचं मत पडलं. माणसं जमली. नांदगावहून काकूंची थोरली जाऊ आली, तिला सगळे मोठी माय म्हणत. तिनं येताच कामाचा ताबा घेतला. काकू सवाष्ण गेल्या म्हणून मळवट भरला, आणि मग मोठी माय म्हणाली, “बंदा रुपया आना.”

कोणीतरी खिशातून नवं नाणं काढलं.

“हे कायचं? चांदीचाच पाह्यजे. आमच्या सासूले बी चांदीचाच लावला होता. या घरात चांदीच्या रुपयाईले कमी हाये का?”

मी काकांकडे पाहिलं. ते काकूंच्या उशाशी बसले होते आणि फरशीकडे पाहत होते. काकू काय म्हणाल्या होत्या ते मी तेव्हा बोलायला हवं होतं. पण तीस माणसं, रडारड, आणि मोठी माय माझ्याकडेच बघून राहिलेली. “श्याम, तू जानतं घरातलं. आन लवकर.”

मी मागच्या खोलीत गेलो. कपाट उघडलं, डबा काढला. काही पाकिटांवर लोकांची नावं होती. परक्याचा रुपया कसा घेणार? मी ‘पा.’ लिहिलेलं सगळ्यात वरचं पाकीट उचललं. बिघडलेला, घरचा, कोणाचं नुकसान नाही. इतका हिशेबी विचार मी त्या घाईतही केला होता. रुपया काढला आणि न बघता मोठ्या मायच्या हातात ठेवला.

तिनं त्याला मेण लावलं आणि वाकताना तो दाराकडून आलेल्या उजेडात जरा कलला. त्यावरून उजेडाचा पट्टा पूर्ण एक फेरी फिरून गेला. मग हनुवटीखालची खाच दिसली. मग तो पालथा झाला आणि काकूंच्या कपाळावर बसला.

“थांबा” म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं नाही. स्मशानात कोणीतरी तो रुपया काढून दगडावर ठेवला, आम्ही परत फिरलो, आणि रीतीप्रमाणे मी मागे वळून पाहिलं नाही. आयुष्यात पाळायला मला नेमकी तीच एक रीत सापडली.

चौदाव्या दिवशी मी गेलो तेव्हा ते पाकीट टेबलावर होतं, रिकामं. पहिल्यांदा मी ते नीट वाचलं. ‘पा.’ खाली शाईनं एक तारीख होती, पुसट. काकांच्या लग्नाची. बिघडलेल्या रुपयाच्या पाकिटावर कोणी लग्नाची तारीख लिहीत नाही. ते ‘पा.’ पालिशचं नव्हतं, पार्वताचं होतं.

काकांनी पाकीट उघडून आत पाहिलं, घडी घातली आणि ठेवून दिलं. मला काही विचारलं नाही. पुढे दर रविवारी काम सुरू करण्याआधी ते हेच करायचे. उघडायचं, रिकाम्या पाकिटात बघायचं, घडी घालायची. एकदाच म्हणाले, “साक्षीदार गेला. आता माही साक्ष मीच देतो.”  जितके रविवार जात तितकं सांगणं अवघड होत गेलं.

आणि वाटी. काकू गेल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळी रविवारी मी आत गेलो तर माठावर वाटी पालथी होती. काका घरात एकटे. मला वाटलं, धुणंभांडी करणारी बाई घालत असेल. तिला विचारलं. ती म्हणाली, माठाकडे ती जात नाही, काकूंनी कधी जाऊच दिलं नव्हतं. काकांना विचारलं, तर ते म्हणाले, “मी शनिवारी उताणी ठेवून झोपतो.”  त्यांनी वाटी सरळ केली, रुपया टाकला. पुढच्या रविवारी पुन्हा पालथी. मी गणिताचा माणूस, म्हणून एकदा मुद्दाम शनिवारी संध्याकाळी जाऊन वाटीभोवती झाकणीवर खडूनं तिच्या तोंडाएवढं वर्तुळ काढून आलो. सकाळी वाटी पालथी होती आणि बरोबर वर्तुळात होती. त्यानंतर मी तपासण्या बंद केल्या.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, देवीदास आला. हा अकोल्याचा जुन्या नाण्यांचा व्यापारी, बोलायला गोड, घाईचा माणूस. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यानं एक रुपया काढला.

“काका, मोडीत आला. पन रंग पाहा! मुंबईची पार्टी तयार हाये, फक्त तुमची चिठ्ठी मांगते.”

रुपयाच्या काठानं अर्ध्या चंद्रासारखा निळा-जांभळा पट्टा होता, फार देखणा. अक्षरांच्या फटींत कुठे कुठे लाल कण होते. राणीचा गाल आणि मुकुट मात्र करडे पडले होते. काकांनी तो बल्बखाली फिरवला. चाक फिरलं. हनुवटीखाली तिळाएवढी खाच होती.

माझे हात गार पडले. त्या खोलीतल्या उन्हाळ्यात ही गोष्ट मला एरवी आवडली असती.

काकांचा चेहरा मला वाचता आला नाही. ते उठले, माठावरची पालथी वाटी सरळ केली, रुपया आत टाकला. आम्ही पाच मिनिटं बसलो. देवीदास मोबाईल बघत होता, बडबडत होता, असा रंग चढायला रुपया पन्नास वर्षं लाकडी पेटीत असावा लागतो म्हणे. मग काकांनी रुपया उचलला, राणीचं तोंड वर धरलं आणि श्वास टाकला.

वाफ धरली. राणीच्या चेहऱ्यावरून आडव्या दोन रेघा कोऱ्या राहिल्या. वरची सरळ. खालची डावीकडे तुटलेली.

वाफ उडाली, रेघा गेल्या. काकांनी पुन्हा श्वास टाकला. पुन्हा रेघा. एका रुपयावर ते दोनदाच्या वर कधी श्वास टाकत नसत. त्या दिवशी चार वेळा टाकला. देवीदासनं मान वर केली नाही. रुपया काकांच्या तळहातावर आठ्या घालून बघत होता आणि त्या खोलीत ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

मी मनात हिशेब मांडत गेलो. ‘मू.’ लिहिलं तर रुपया मुंबईला जाणार, कोणातरी अनोळखी माणसाच्या काचेच्या चौकटीत, आणि काकूंची उरलीसुरली खूण कायमची गेली. ‘पा.’ लिहिलं तर अकोल्याच्या भट्टीत, आणि शिवाय ते खोटं. साल तर शाबूत होती. काकांनी इतक्या वर्षांत कोणाच्या सांगण्यावरून एक अक्षर बदललं नव्हतं. आणि काकांनी ‘हा रुपया माझ्या बायकोचा आहे’ असं म्हणायचं, तर तो कपाळावर कसा गेला ते सांगावं लागणार, म्हणजे माझ्यापर्यंत गोष्ट येणार. मी घाबरलो होतो. काकांसाठी घाबरलो होतो असं म्हणायला मला आवडलं असतं.

काकांनी चिठ्ठी ओढली. पेन घेतलं. लिहिलं: ‘पा.’ सही केली.

देवीदासनं चिठ्ठी वाचली, रुपयाकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठी वाचली. “काका, काहून मजाक करता? रंग तं पाहा! कोनी म्हनन का हा घासला म्हनून?”

“लिवलं ते वाच.”

“पा.?”

“हाव. पा.”

देवीदासचा जीव चडफडला, पण चिठ्ठीवर वाद चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. तो रुपया बोटांनी टेबलावर ढकलत म्हणाला, “मंग ठेवा तुमच्याच डब्यात. चांदीच्या भावात घेता का?”

“घेतो.”

तेवढं झालं आणि देवीदास उन्हात निघून गेला. त्याची मोटरसायकल गल्लीच्या टोकाला वळली. काकांनी ते जुनं पाकीट काढलं, उघडलं, पण रुपया आत टाकला नाही. माझ्यासमोर धरला.

“घे. फुंक.”

“काका, तो रुपया त्या दिवशी मी…”

“मले माहीत हाये. मी उशाशीच बसलो होतो ना. मोठ्या मायनं वाकवला तवा चाक मले बी दिसलं.”

मला धक्का बसला तो याचा. “मग तुम्ही बोलले कावून नाही?”

“तू बी कुठं बोलला?” काका म्हणाले. त्यांचा आवाज साधाच होता. “पाकिटावर पा. मीच लिवलं होतं. तुह्या वाचण्यात चूक नाही. पन तिनं नको म्हनलं होतं, ते आपल्या दोघाईले माहीत होतं. फुंक म्हन्तो.”

रुपया अजून गार होता. मी तो कडेनं धरला, तोंडाजवळ नेला आणि श्वास टाकला. वाफ धरली आणि तिच्यातून आठ्या वर आल्या. मी खोटं सांगत नाही. काकांच्या श्वासात त्या रेघा दोऱ्यासारख्या बारीक होत्या, माझ्या श्वासात जाड झाल्या. खालची तुटलेली रेघ तर इतकी ठसठशीत उठली की मी रुपया टेबलावर ठेवून मागे सरलो.

“पाहिलं?”

“हो.”

“माह्यावर येवढी नाही रागावत,” काका म्हणाले. “तुह्यावर रागावून हाये.”

सत्तेचाळीस वर्षांचा मी, त्या बंद खोलीत, एका रुपयाला म्हणालो, “काकू, चुकलं माझं.” म्हणताना रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

वाटी त्या दिवसापासून कोणी पालथी घालत नाही. मी अजूनही दर रविवारी जातो. काम सुरू करण्याआधी काका पाकीट उघडतात, रुपया वाटीत गार करतात, एकदा स्वतः श्वास टाकतात आणि एकदा मला टाकू देतात. जास्त नाही. श्वासागणिक मेणाचा थर जरासा जातोच, हे त्यांना रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून माहीत आहे. गेल्या रविवारी माझ्या श्वासात वरची आठी मला थोडी फिकी वाटली. मी आनंदानं काकांना दाखवायला गेलो. त्यांनी घाईघाईनं रुपया माझ्या हातातून घेतला, पाकिटात घातला आणि म्हणाले, “येवढ्यात माफ नको करून घेऊ, श्याम. लय दिवस पुरवायच्या हायेत मले त्या.”